चारच्या खाली कुणी नाही

४ नोव्हेंबर, सोमवार

बाबांना कामाला लावलं!

दुसरा उपायच नव्हता. चोवीस कागद. प्रत्येक कागदावर चाळीस-पंचेचाळीस शिखरं. प्रत्येकाची उंची फूटपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायची आणि वहीत लिहायची. एकटीने करत बसले तर डिसेंबर यातच जाईल, आणि प्रबंध एकतीस डिसेंबरला जमा करायचा आहे.

अमरसिंग सरांना, म्हणजे माझ्या गाइडना, सकाळी शेवटचं विचारून पाहिलं. "मूळ फाईल नाही म्हणजे नाही, रूपा. पंधरा वर्षं झाली त्या प्रयोगाला. तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला." छापलेले आलेख तेवढे फाईलला लावलेले होते म्हणून वाचले. तेही शाई उडालेले. स्कॅन करून सॉफ्टवेअरला दिले तर ते मेलं मागच्या चौकटीच्या रेघाच मोजत बसतं. दोन दिवस त्यात घातले, मग नाद सोडला.

बाबा नाहीतरी रिकामेच आहेत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला, तर नव्या डोळ्याने घरभर दोष शोधत फिरतात. इथे जाळं, तिथे पोपडा. आई म्हणाली, "याईले काई तरी काम दे वं रूपा. माह्या डोक्याले ताप झाला."

दिलं.

५ नोव्हेंबर

समजल्याशिवाय करणार नाहीत! छत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. इंझोरी, मग धनज, मग इथली कामरगावची शाळा. "आधी सांग, हे हाये काय?"

सांगितलं. क्वांटम डॉट. एक डबी, इतकी लहान की आतले इलेक्ट्रॉन एकेक करून मोजता येतात. दोन बाजूंना दोन अरुंद दारं. एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर, तेवढाच काय तो प्रवाह. बाहेरून व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं. बहुतेक वेळ दार बंद, रेघ जमिनीलगत. मग एका ठरावीक जागी एक इलेक्ट्रॉन पार होतो आणि आलेखावर शिखर उभं राहतं. पुन्हा बंद. तेवढंच अंतर गेलं की पुढचा. असे रांगेने.

"अंतर सारखं. मंग उंची काहून सारखी नाई?"

पाच वर्षांची माझी पीएच.डी. या माणसाने एका मिनिटात विचारली! उंची म्हणजे कंडक्टन्स, त्या जागी वीज किती सहज पार होते ते. आत इलेक्ट्रॉनची लाट कशी पसरली आहे यावर ते अवलंबून. दारापाशी जोर असेल तर शिखर उंच, दारापाशी लाट विरळ असेल तर बुटकं. डबीचा आकार वेडावाकडा, त्यामुळे कोणतं शिखर किती उंच येईल हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही. पण पाचशे शिखरांत उंच किती आणि बुटकी किती, हे सांगता येतं. तेवढ्यापुरतं गणित पक्कं आहे. उंच थोडी, बुटकी पुष्कळ, आणि अगदी जमिनीलगतची सगळ्यांत जास्त.

"आपल्या वर्गावानीच हाये की," बाबा म्हणाले.

पुढे, बारा कागद चुंबक बंद ठेवून घेतलेले, बारा चुंबक लावून. चुंबक लावलं की बुटकी कमी व्हायला हवीत. कमी — नाहीशी नव्हे. हे खरंच होतं का, ते तपासणं हे माझं शेवटचं प्रकरण. बिनचुंबकाचे बारा बाबांना दिले, चुंबकाचे बारा मी घेतले. गठ्ठे आधीच वेगळे होते, सरमिसळ नको.

७ नोव्हेंबर

बाबांची तऱ्हा बघण्यासारखी आहे. ओसरीत टेबल, भिंग, स्टीलची पट्टी, उभी रेघ मारलेली वही. पट्टीला मला हात लावू देत नाहीत. दिवसाला एकच कागद. आधी सगळ्या शिखरांना पेन्सिलीने अनुक्रमांक, मगच मोजणी.

माझे तीन झाले म्हटलं तर भिंगावरून पाहिलं. "लय भरभर करते तू."

मी हे पाच वर्षं करतेय. रेघेची थरथर कुठे संपते आणि शिखर कुठे सुरू होतं, ते आता डोळ्याला आपोआप कळतं. हे त्यांना सांगितलं. "असंन," म्हणाले, आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

९ नोव्हेंबर

दिवसभर लाइट नाही. उन्हात बसून पाचवा कागद. डोकं दुखतंय.

१२ नोव्हेंबर

स्टँडवर सगळ्यांना सांगून झालेलं दिसतंय. दळण घेऊन आले तर चक्कीवाला म्हणतो, "गुरुजी असिस्टंट झाले म्हने तुमचे!" घरी येऊन विचारलं. बाबा लाजले. खरंच लाजले! "इचारलं त्याईनं, डोळा कसा हाये. म्या म्हनलं, आता इलेक्ट्रॉन दिसते मले."

आई वावरातून आली, कापसाचं गाठोडं आपटलं. "बापलेकी कागदावरच्या मुंग्या मोजून राह्यल्या, तिकडे कापूस फुटून पडून राह्यला." पण रागात नव्हती. बाबा दिवसभर एका जागी बसतात आणि तिच्या फोडणीला नावं ठेवत नाहीत, याचाच तिला आनंद. जेवताना मला हळूच म्हणाली, "अजून काई कागद असन तं आनजो."

मला स्वतःलाही बरं वाटतंय. फेलोशिप सप्टेंबरात संपली, होस्टेलची खोली सोडली, गाद्या-पुस्तकांसकट एकोणतिसाव्या वर्षी घरी. गावात रोज कुणीतरी विचारतं, झालं का शिक्षण? भाऊ प्रसेनजित बरा, वाशिमला नोकरीला लागून मोकळा झाला. माझं काय चाललंय ते या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी कळतंय.

२० नोव्हेंबर

मतदान. बाबांना ड्यूटी नाही म्हणून चुकल्यासारखं झालं. शाळेपाशी दोन तास उगाच उभे होते. कागद शून्य.

२३ नोव्हेंबर, शनिवार

संपले! बाबांची ५३१, माझी ४९६. दुपारी सगळे आकडे लॅपटॉपमध्ये घातले. बाबा वाचून दाखवत होते, मी टाइप करत होते. "एकोणीस. चौसष्ट. पाच. एकशे दोन. चार. सव्वीस." वर्गात निकाल वाचल्यासारखे.

मग आलेख काढला — किती उंचीची किती शिखरं.

बुटकी नाहीतच. डावीकडे, शून्याजवळ, जिथे सगळ्यांत जास्त गर्दी हवी, तिथे रिकामी जागा. बाबांच्या गठ्ठ्यातही आणि माझ्याही. चुंबक असो की नसो.

प्रोग्रॅम तपासला. बरोबर. आकडे वहीशी ताडून पाहिले. बरोबर. एकाच्या मोजणीत आलं असतं तर म्हटलं असतं मोजणाऱ्याची चूक. पण दोघं वेगळे, कागद वेगळे, पट्ट्याही वेगळ्या, आणि दोन्हीकडे तेच!

बाबांनी विचारलं, "पास का नापास?" म्हटलं, उद्या सांगते.

२५ नोव्हेंबर

सरांना आलेख पाठवला. दहा मिनिटांत फोन. सर कधी दहा मिनिटांत फोन करत नाहीत.

"दोघांनी स्वतंत्र मोजलं?"

"हो सर."

"एकमेकांच्या वह्या पाहिल्या नाहीत?"

"नाही सर."

"रूपा, मग हे खरं आहे. पंधरा वर्षं माझ्या कपाटात पडून होतं आणि मी पाहिलं नाही." सरांचा आवाज वेगळाच लागला होता. म्हणाले, ही डबी पूर्ण बंद होतच नाही, बुटक्या शिखरांना काहीतरी वर उचलून धरतंय, आणि ते काय, हे अजून कुणी लिहिलेलं नाही. शेवटचं प्रकरण बदल. पेपर लगेच लिही, पहिलं नाव तुझं. दुसरा मोजणारा कोण?

"माझे वडील."

हसले. "आभारात नाव टाक त्यांचं."

बाबांना सांगितलं. आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि स्टँडवर गेले.

मला आज फार आनंद झाला आहे. लिहूनच ठेवते. पाच वर्षं मी दुसऱ्यांची समीकरणं तपासत आले. हे पहिलं माझं आहे. विद्यापीठात कॉरिडॉरमधून जाताना "ती कामरगावची" एवढीच माझी ओळख होती. आता बघा म्हणावं.

३० नोव्हेंबर

पेपरचा मसुदा तयार. नऊ पानं. आभाराच्या परिच्छेदात — श्री. गोविंदा यांनी अत्यंत काळजीपूर्वक केलेल्या मोजणीबद्दल. इंग्रजीत लिहिलं आहे, पण बाबांनी वाचून घेतलं. "अत्यंत"साठीच्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "हे जास्त झालं." काढायला मात्र सांगितलं नाही.

आई विचारते, "अन् माहं नाव? चहा कोन देला?"

३ डिसेंबर, मंगळवार

सरांना मसुद्याची प्रत हातात हवी, म्हणून स्टँडवर झेरॉक्सला गेले. भाऊसिंगचं दुकान. बाबांचा जुना विद्यार्थी, आता केस पिकायला लागलेत. पैसे घेईना.

"ताई, गुरुजीचं नाव छापून येऊन राह्यलं म्हंते?"

म्हटलं, हो, येतंय.

"यायलेच पाह्यजे! तुमाले सांगतो, सातवीतला माह्यावाला गणिताचा पेपर. कोरा! बिलकुल कोरा. वर निस्तं नाव. दुसऱ्या मास्तरनं भोपळा देला असता. गुरुजीनं चार देले. म्या इचारलं, गुरुजी, हे चार कायचे? तं म्हने, नाव बरोबर लिवलं ना बाप्पा. भा, ऊ, सिं, ग. चार अक्षरं, चार मार्क!"

तो हसला, मीही हसले. मशीन चालू होतं, पानं गरम गरम बाहेर पडत होती.

"एकदा सायबानं धरलं होतं त्याईले, शाळा तपासनीवाल्यानं. कोऱ्या पेपरले मार्क कसे? पन नाई बदलले. गुरुजीच्या वर्गात चारच्या खाली कोनी नसेच ना ताई. कोनीच नाई!"

पानं घेतली. निघाले. पाणपोईपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"चार." "पाच." "चार." "सव्वीस."

घरी आले. बाबा झोपले होते. वही उचलली. ५३१ आकडे वरून खाली पाहिले. तीन नाही. दोन नाही. एक नाही. सगळ्यांत लहान आकडा चार. एकशे एकोणपन्नास वेळा चार किंवा पाच.

४ डिसेंबर

सकाळपासून बाबांचे कागद पुन्हा मोजले. पहिल्याच कागदावर, बाबांनी चार लिहिलं तिथे दीड मिलिमीटर. चार लिहिलं तिथे एक. पाच लिहिलं तिथे दोन. एका ठिकाणी अर्धा, भिंगाशिवाय दिसेना, तिथेही चार. मोठी शिखरं मात्र केसाचा फरक नाही. चौसष्टला चौसष्ट. मला दहा ठिकाणी माझंच मोजमाप दुरुस्त करावं लागलं.

ओसरीत जाऊन वही त्यांच्यासमोर टाकली. अशी टाकायला नको होती.

"बाबा, हे चार कायचे?"

पाहिलं. अजिबात गडबडले नाहीत. "लहान टेकड्या हायेत त्या. मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर. म्या किमान चार देले."

"देले? तुमी पेपर तपासून राह्यले होते का?"

"तूच सांगतलं ना, इलेक्ट्रॉन पार झाला म्हंजे टेकडी. पार तं झाला तो. मंग त्याले शून्य कसं देऊ?"

"शून्य नाही! एक आहे तर एक लिहा, अर्धा आहे तर अर्धा! जेवढं आहे तेवढं!"

"एक काय अन् शून्य काय. नापासच."

मग मी बोलले. सगळं इथे लिहीत नाही. माझं वाटोळं केलं असं म्हटलं. जगभर छापून येणार होतं, लोक हसले असते असं म्हटलं. तुम्हाला कागद द्यायलाच नको होते असं म्हटलं. आई चुलीपाशी उठून उभी राहिली तरी मी बोलतच होते.

बाबा ऐकून घेत होते. शेवटी एवढंच विचारलं, "तुह्या कागदावर नव्हते का लहान?"

"नव्हते!"

"एक बी नाई?"

वही उचलून आत आले.

६ डिसेंबर

सकाळी विहारात. बाबा पुढे, आई मधे, मी मागे. वंदना झाली. येताना तिघं एकाच रस्त्याने आलो.

७ डिसेंबर

बाबांचे बाराही कागद नव्याने मोजून झाले. आलेख काढला. बिनचुंबकाची शिखरं आता गणितावर बरोब्बर बसतात. शून्याजवळ मोठी गर्दी, मग उतार. पुस्तकात छापतात तसं. म्हणजे तिथे नवीन काही नाही.

पण चुंबकाचे कागद! तिथे शून्याजवळची जागा अजूनही रिकामी. गणित म्हणतं, चुंबक लावल्यावर बुटकी कमी होतात, तरी शंभरात सहा-सात उरायला हवीत. माझ्याकडे दोनसुद्धा नाहीत. म्हणजे शोध गेला नाही, अर्धा उरला! उलट जास्त चांगला उरला. चुंबक लावल्याबरोबर बुटकी साफ गायब — हे सांगायलाही सोपं.

जिवात जीव आला. सरांना सविस्तर मेल लिहिली. लपवाछपवी नको म्हणून स्पष्टच — बिनचुंबकाच्या कागदांवरची चूक माझ्या वडिलांची, त्यांनी लहान आकडे वाढवून लिहिले. ते मी दुरुस्त केले आहेत. चुंबकाच्या कागदांची मोजणी मी स्वतः केली आहे, ती पक्की समजावी.

८ डिसेंबर

सरांचं उत्तर आलं. वेळेवर लक्षात आलं हे बरं झालं, अर्ध्या निकालातही पेपरचा जीव आहे, सोळा तारखेला, सोमवारी पाठवून देऊ. शेवटी एक ओळ, "आभारातलं नाव ठेवायचं की काढायचं?"

लिहिलं, काढा.

१० डिसेंबर

बाबा दारात येऊन उभे राहिले. चार तारखेनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "तुहे कागद दे पाहाले."

"कायले?"

"पाह्यतो. कसं मोजाचं असते ते."

शिकवणाऱ्या माणसाने असं म्हणावं! मला कसंतरीच झालं, पण प्रकरण लिहिण्यात गुंतले होते. टेबलावरचा गठ्ठा उचलून दिला. मान वर केली नाही.

ओसरीतलं टेबल पुन्हा मांडलं गेलं. भिंग, स्टीलची पट्टी.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आईला सांगून टाकलं की नाव काढलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

ती वेचलेल्या कापसातून कचरा निवडत होती. हात थांबला नाही. "त्याईले सांगतलं?"

"नाही."

"स्टँडवर लोकं रोज इचारते, कधी येते छापून. हे म्हंते, येईन, टाइम लागते अशा गोष्टीले." मग थोड्या वेळाने, "चुकले ते. चुकले म्हनून मी नाई म्हनत का? पन तू जे बोलली ना रूपा, ते काई त्या चार मार्काचं नोतं."

मला राग आला. सगळ्यांना वाटतं मी कठोर आहे. मोजणी ही मोजणी असते. तिथे दया दाखवली की सगळं खोटं होतं, आणि हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. पण लाज वाटते आहे हेही खरं आहे. चूक सांगायची ती सांगितली, आवाज चढवायची गरज नव्हती. सोमवारी पेपर गेला की बाबांशी नीट बोलेन.

ओसरीत ते सकाळपासून माझ्या कागदांवर वाकून बसलेत. चहा गार झाला तरी कळत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

उठले तर बाबा आईबरोबर कापूस वेचायला गेलेले. ते कधी जात नाहीत. माझे बारा कागद टेबलावर, वर स्टीलची पट्टी ठेवलेली.

शिखरं सारख्या अंतरावर येतात हे मीच त्यांना सांगितलं होतं. जिथे जिथे दोन शिखरांमध्ये दुप्पट अंतर पडलंय, तिथे मधोमध बाबांनी लाल पेनाने बारीक बाण काढला आहे. भिंग घेऊन पाहिलं. प्रत्येक बाणाखाली उंचवटा आहे. अर्धा मिलिमीटर, एक, दोन. मी थरथर म्हणून सोडून दिलेले. पट्टी लावून सगळे मोजले. एकूण एकतीस. म्हणजे शंभरात सहा, गणित म्हणतं तितकेच. यावेळी बाबांनी कुणालाच मार्क दिलेले नाहीत, उंचीचा आकडासुद्धा लिहिलेला नाही, तो माझ्यासाठी सोडलाय. प्रत्येकासमोर एकच शब्द लिहिलाय — हजर.

मी एकतीस वेळा त्यांच्यावरून नजर फिरवली होती आणि सरांना लिहिलं होतं, पक्की समजावी.

सरांना फोन लावते आहे.